समुद्रकाठी विजेची सायकल : साठीनंतर जमेल का?

मार्च-एप्रिल आला की आमच्या दवाखान्यात एक ठरलेला हंगाम सुरू होतो. परदेशी निघालेल्या आई-वडिलांचा. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, विमानाची तिकिटे हातात, आणि मागणी एकच : "डॉक्टर, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या." यंदा त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली. निवृत्त मुख्याध्यापक, वय ६७, रक्तदाबाची गोळी चालू. सौ. ६४ वर्षांच्या, मधुमेह आणि गुडघेदुखी दोन्ही. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला. त्याने आई-वडिलांसाठी तिथल्या समुद्रकाठच्या विजेच्या सायकलींच्या सहलीचे पैसेही भरून टाकलेले. सर म्हणाले, "सायकल आम्ही दोघांनीही चालवली आहे, पण त्याला तीस वर्षे झाली. आता जमेल का? नाही म्हणावे तर पोराचा विरस होतो."

अशी जोडपी आता गावोगावी आहेत, म्हणून या प्रश्नाचे उत्तर सर्वांसाठीच लिहितो.

आधी ही सहल म्हणजे काय ते पाहू. सॅन फ्रान्सिस्को हे तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले शहर. पश्चिमेला प्रशांत महासागर, उत्तरेला आणि पूर्वेला खाडी. पूर्वेच्या धक्क्यालगत पूर्वी एक दुमजली उड्डाणरस्ता होता आणि त्याने शहराचा समुद्र झाकून टाकला होता. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात तो खिळखिळा झाला, १९९१ मध्ये पाडला गेला, आणि काठ पुन्हा मोकळा झाला. आज तिथे चालणारे, पळणारे आणि सायकलवाले यांची गर्दी असते. विजेच्या सायकलींच्या सहली बहुधा फिशरमन्स व्हार्फ या जुन्या कोळीबंदराच्या भागातून निघतात. पुढे एक वाटाड्या, मागे आठ-दहा पाहुणे. फोर्ट मेसनची टेकडी ओलांडून मरीना, मग क्रिसी फील्डचा सपाट किनारा, आणि शेवटी गोल्डन गेट पूल. काही सहली तिथून परत फिरतात. काही पूल ओलांडून पलीकडच्या सॉसालिटो गावात उतरतात आणि बोटीने परत येतात. सगळे मिळून साधारण तीन तासांचे काम.

आता ती सायकल. 'विजेची' म्हटले की आपल्याकडे लोकांना वाटते, बसले की चालली. तसे नाही. बहुतेक सायकलींत पायडल मारले तरच मोटर मदत करते. तुम्ही थांबलात की तीही थांबते. ही युक्ती तशी जुनी नाही. बॅटरीवरच्या सायकलीचे एक पेटंट अमेरिकेत १८९५ सालीच घेतले गेले होते, पण पायाच्या जोराला मोटरची जोड देणारी सायकल बाजारात आली ती १९९३ मध्ये, जपानच्या यामाहा कंपनीकडून. पायाचा दाब मोजून तेवढ्या प्रमाणात मोटर जोर लावते, म्हणून चढावर कोणीतरी मागून हलकेच ढकलत असल्यासारखे वाटते.

मग यात व्यायाम कसला, असे कोणी विचारील. आहे, आणि बऱ्यापैकी आहे. साध्या सायकलीपेक्षा श्रम कमी पडतात हे खरे, पण झपाझप चालण्याइतके तरी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम सांगितला आहे, त्या हिशेबात ही सहल बसते. आणखी एक फायदा म्हणजे चढावर छातीवर एकदम ताण येत नाही. साध्या सायकलीवर चढ आला की नाडी धावू लागते, इथे मदत वाढवून तो ताण बेताचा ठेवता येतो. गुडघ्याच्या रुग्णांसाठी तर सायकल हा चांगलाच व्यायाम, कारण शरीराचे वजन सीटवर असते, गुडघ्यावर नाही.

म्हणजे हृदय आणि गुडघे यांची बाजू तितकीशी अवघड नाही. माझी काळजी वेगळीच आहे : पडणे.

ही सायकल जड असते, २० ते ३० किलोपर्यंत. आपली जुनी काळी सायकल एका हाताने सावरता येत असे, ही कलली की हाताबाहेर जाते. दुसरे म्हणजे वेग. आपल्याकडे नोंदणी न लागणाऱ्या विजेच्या सायकलीला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात सर्वसाधारण विजेच्या सायकलीला मोटरची मदत ताशी सुमारे ३२ किलोमीटरपर्यंत मिळते. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो, हे शाळेतल्या विज्ञानातले गणित इथे हाडांना लागू पडते. पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत, हाडे ठिसूळ झालेली असतात. पडताना माणूस हात टेकतो आणि मनगट मोडते. कुशीवर पडला तर खुब्याचे हाड जाते. परदेशात खुबा मोडला तर पुढचे सहा महिने कसे जातील, हे मुलाने पैसे भरताना डोळ्यांसमोर आणलेले नसते.

हॉलंडमध्ये म्हातारी माणसे विजेच्या सायकली सर्रास वापरतात. तिथला अनुभव असा की यातले बरेच जण धावत्या सायकलीवरून पडत नाहीत, चढता-उतरताना पडतात. टांग टाकताना तोल जातो, किंवा पाय पायडलवर ठेवताच मोटर झटका देते. म्हणून पुरुषांनी सुद्धा मधला दांडा नसलेली, आपण जिला लेडीज सायकल म्हणतो तशीच मागून घ्यावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही. सीट खाली करून घ्यावी, इतकी की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकतील. तरुणांना सीट उंच ठेवायला सांगतात, कारण पायडल मारताना गुडघा नीट सरळ होतो. आपल्याला वेगापेक्षा पाय टेकणे महत्त्वाचे. निघताना मोटरची मदत सर्वांत खालच्या पायरीवर असावी आणि थांबलेल्या सायकलीवर पायडलवर भार देऊन उभे राहू नये.

आता एक गोष्ट नीट वाचा, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. ब्रेक. आपल्याकडे स्कूटर, मोटारसायकल यांचा पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताला असतो. डावा हात दाबला की स्कूटीचे मागचे चाक धरते, ही सवय वीस-पंचवीस वर्षांची. अमेरिकेत सायकलीचे उलट असते. तिथे डाव्या हाताला पुढचा ब्रेक आणि उजव्या हाताला मागचा. घाबरून माणूस सवयीचा हात जोरात दाबतो, पुढचे चाक जागीच अडते, आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. त्यात या सायकलींचे डिस्क ब्रेक फार करकरीत. तेव्हा सायकल हातात आली की आधी सपाट मोकळ्या जागेत पाच-दहा मिनिटे चालवून, दोन्ही ब्रेक हळू दाबून पाहावेत. चांगला वाटाड्या हा सराव स्वतःहून करून घेतो. घेत नसेल तर मागावा. शिवाय तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचे असते. वळणावर आपले मन डावीकडे ओढते, हे ध्यानात ठेवावे.

धक्क्याजवळच्या रस्त्यांत जुन्या ट्रामचे रूळ आहेत. सायकलीचे चाक रुळाच्या खाचेत अडकले की तोल सावरता येत नाही. रूळ नेहमी काटकोनात, आडवे ओलांडावेत. ते जमत नसेल तर उतरून, हातात धरून.

वाऱ्याबद्दल तर लिहावे तितके थोडे. कॅलिफोर्निया म्हटले की आपण ऊन समजतो. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र जुलै-ऑगस्टमध्ये समुद्रावरून धुके येते आणि दुपारी पुलाजवळ स्वेटरशिवाय उभे राहवत नाही. तिथला खरा उबदार काळ सप्टेंबर-ऑक्टोबर. गार वारा अंगावर घेत श्रम करणे, त्यातही भरल्या पोटी, हे छातीत दुखण्याचे जुने निमित्त आहे. अँजायनाच्या रुग्णाला घरी दोन जिने चढून काही होत नाही, पण थंड वाऱ्यात तेवढ्याच श्रमाने छाती आवळते. दम्याच्या रुग्णाचेही तसेच. त्यांनी निघण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे डॉक्टरांनी सांगितलेला पंप घ्यावा आणि तो खिशात ठेवावा, पिशवीत नव्हे. कान झाकणारी टोपी हेल्मेटखाली बसेल अशी पातळ असावी. आणि गारव्यात तहान लागत नाही, पण श्वासातून आणि घामातून पाणी जातच असते. दर थांब्यावर चार घोट प्यावे. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी टाळणारी मंडळी, विशेषतः भगिनी, मला ठाऊक आहेत. वाटाड्याला आधीच विचारावे की सोय कुठे कुठे आहे. विचारण्यात संकोच नको.

पुलाची गोष्ट वेगळी काढतो. गोल्डन गेट पूल २७ मे १९३७ रोजी पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला आणि दुसऱ्या दिवशी मोटारींसाठी. लांबी सुमारे २.७ किलोमीटर, रस्ता पाण्यापासून सुमारे ६७ मीटर उंच. चित्रात जितका सुंदर दिसतो तितकाच प्रत्यक्षातही असेल, पण सायकलीवरून तो ओलांडणे म्हणजे एका बाजूला धडधडत जाणाऱ्या मोटारी, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली समुद्र, समोरून येणारे सायकलवाले, आणि मनोऱ्यांना वळसा घालताना कोपऱ्यावर अचानक अंगावर येणारा आडवा वारा. ज्यांना उंचीवर गरगरते, मानेच्या मणक्याचा त्रास आहे, किंवा चक्कर येण्याची सवय आहे त्यांनी हा मोह सोडावा. पूल संपल्यावर सॉसालिटोकडे जाणारा रस्ता उताराचा आणि वाहनांचा आहे. चढावर मोटर मदत करते, उतारावर मात्र तुमचे हात आणि ब्रेक हेच काय ते.

माझे मत विचाराल तर साठीपुढच्या, सवय मोडलेल्या माणसाने पुलाच्या अलीकडेच समाधान मानावे. फिशरमन्स व्हार्फपासून पुलाच्या पायथ्याच्या फोर्ट पॉइंट किल्ल्यापर्यंत सुमारे सहा किलोमीटर होतात. मधला क्रिसी फील्ड हा एके काळी लष्कराचा विमानतळ होता, २००१ मध्ये तो सार्वजनिक उद्यान म्हणून खुला झाला. रस्ता सपाट, रुंद, डावीकडे हिरवळ, उजवीकडे खाडी आणि समोर पूल. किल्ल्यापाशी उभे राहिले की पूल डोक्यावर येतो. फोटोही तिथूनच चांगले येतात, मात्र सायकल थांबवून, उतरून. चालत्या सायकलीवर एका हाताने फोन धरणाऱ्याला माझ्याकडे औषध नाही. एक चढ मात्र या वाटेवरही आहे, फोर्ट मेसनचा. तो उतरताना सायकल हातात धरून चालत आलात तरी कोणी हसणार नाही.

तब्येतीची चाचणी इथेच, निघण्यापूर्वी करून घ्यावी. न थांबता दोन जिने चढल्यावर धाप लागून बोलता येत नसेल, तर सायकलीचा विचार बाजूला ठेवून आधी ईसीजी काढा. एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का पाहा, भिंतीजवळच उभे राहून. मान वळवून खांद्यावरून मागे पाहताना सायकल सरळ राहते का? यासाठी जाण्यापूर्वी महिनाभर शाळेच्या मैदानावर सकाळी नातवाची नाहीतर शेजाऱ्याची सायकल घेऊन सराव करावा. सायकल विसरत नाही असे म्हणतात ते खरे, पण प्रसंगी हात-पाय पूर्वीइतक्या चपळाईने हलत नाहीत. गेल्या तीन महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, गुडघा बदलण्याची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ज्यांनी ती केली त्यांनाच विचारावे. बसल्या जागी रक्तदाब १८० / ११० च्या वर असेल त्या दिवशी जाऊच नये.

गोळ्यांबद्दल थोडे. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल अशा गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रम करूनही फारशी वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळातला आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. बोलण्याची कसोटी चांगली : सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना दम तुटला तर मदत एक पायरी वाढवा किंवा थांबा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांना सीटवरून झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते, त्यांनी सावकाश उतरावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेहींनी उपाशी निघू नये. साखर तपासून ती १०० च्या खाली असेल तर आधी काही खावे, आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. तीन-चार चमचे साखर पुरते. त्या दिवशी इन्सुलिन मांडीत टोचू नये, पायडल मारल्याने ते लवकर शोषले जाते. साखर उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, पण वर सांगितलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या ही लक्षणे झाकतात. तेव्हा अकारण घाम फुटला तर तीच खूण समजावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला किरकोळ मार लागला, वरून काही दिसत नसले, तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवणे भाग आहे. हेल्मेट कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशा सर्वसाधारण सायकलीवर १८ वर्षांखालच्यांनाच सक्तीचे आहे. आपण ते घालायचेच. भुवईच्या वर दोन बोटे, हनुवटीखाली पट्ट्यात एक बोट जाईल इतके घट्ट. साडी नको, ओढणी तर मुळीच नको. चाकात ओढणी अडकून मानेला फास बसल्याची उदाहरणे आपल्याकडे काही कमी नाहीत.

पोचल्याबरोबर दुसऱ्या दिवशी सहल ठेवू नये, हे मुलांना मुद्दाम सांगतो. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यामागे साडेबारा तास असते, म्हणजे दिवसाची रात्रच. आठवडाभर झोप जागेवर येत नाही, आणि अर्धवट झोपेतल्या माणसाला तोल सावरत नाही. शिवाय सोळा-सतरा तास विमानात बसून पायातल्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका असतो. एका पोटरीला सूज, दुखणे किंवा गरमपणा असेल तर सायकल नव्हे, डॉक्टर गाठावा.

आणि आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. तिथे गेलेले आई-वडील दुखणे लपवतात. छातीत भरून आले तरी गप्प बसतात. कारण तिथला दवाखान्याचा खर्च त्यांनी ऐकलेला असतो, मुलाची रजा जाईल, सूनबाईंना ताप होईल, असे मनात येते. हा संकोच जीव घेऊ शकतो. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात आवळल्यासारखे वाटले तर तिथल्या तिथे सायकल थांबवावी, खाली बसावे, डॉक्टरांनी जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी दिलेली असेल तर ती बसूनच घ्यावी, कारण उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून माणूस कोसळतो. पाच मिनिटांत बरे वाटले नाही तर ९११ वर फोन. वाटाड्याला तुमचे आजार सुरुवातीलाच सांगून ठेवा, म्हणजे त्याला वेळेवर उमजेल. मुलांनीही एक करावे : प्रवासाचा आरोग्य विमा घेताना आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, आणि अशा सायकल-सहलीतली दुखापत वगळली आहे का, हे बारीक अक्षरात वाचावे. आई-वडिलांना न विचारता आनंदाचा धक्का देण्यापेक्षा, पैसे भरण्यापूर्वी त्यांना एकदा फोन करावा.

सर आणि बाईंची तपासणी झाली. सरांना मी सराव करून जायला सांगितले आहे, क्रिसी फील्डपर्यंत. बाईंना एका पायावर चार सेकंदही उभे राहता आले नाही. त्यांच्यासाठी त्याच धक्क्यावरून बोट निघते, ती पुलाखालून जाऊन परत येते. वारा तोच, पूल तोच.

औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्या कंपन्यांची नावे तिथल्या डॉक्टरला कळत नाहीत. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर साधी पॅरासिटामॉल पुरे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आयबुप्रोफेन आपल्या मनाने घेऊ नये. मात्र तिथल्या दुकानात पॅरासिटामॉल मागितली तर बहुधा मिळणार नाही. तिकडे तिला अॅसिटामिनोफेन म्हणतात, आणि दम्याच्या सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल.